सावळारामसाठी एक सीडी

३ जानेवारी

आज सावळारामला घेऊन बारामतीत श्रेयाबाईंकडे गेलो. अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या माणसांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. वय तिशीच्या आत आणि आवाज इतका हळू, की ही बाई दुसऱ्याला काय बोलतं करणार, अशी शंका मला दारातच आली.

सावळाराम माझा कॉलेजपासूनचा मित्र. अंथुर्ण्याचा ऊसवाला, एके काळचा पैलवान आणि गप्पांत कुणाला न हरणारा गडी. दिवाळीनंतर त्याला झटका आला. पाय बराचसा सावरला, उजवा हात लुळा राहिला आणि शब्द तर परत आलेच नाहीत. समजतं सगळं, पण तोंडातून "हां" आणि "ह्ये" यापलीकडे काही निघत नाही.

श्रेयाबाईंनी त्याला बैलाचं चित्र दाखवलं. "काका, हे काय आहे?" तो ओठ हलवू लागला. मला ते बघवेना. "बैल! अरे सावळ्या, बैल!" मी म्हणालो. त्याने सुटल्यासारखी मान हलवली. मग विळा आला, तोही मी सांगितला. मग घागर आली.

श्रेयाबाईंनी चित्रं खाली ठेवली. "सर, पेशंट कोण आहे?"

यशोदा फिस्सकन हसली. बायकोने अशा वेळी हसू नये.

"मी मदत करतोय," मी म्हणालो.

"इथे मदत म्हणजे थांबणं. विचारायचं आणि गप्प राहायचं. शब्द त्यांच्या आत आहे. तुम्ही बाहेरून दिलात, की ते शोधायचं सोडून देतात. आणि मला काळजी त्याचीच आहे. त्यांनी प्रयत्नच सोडलाय. हे पहिले काही महिने असेच गेले, तर पुढे फार अवघड होईल."

चाळीस वर्षं मी बारामतीपासून इंदापूरपर्यंत सांगत आलो, की गप्प बसणं हा गुन्हा आहे. गप्प बसणाऱ्याच्या पाटाचं पाणी दुसरा पळवतो, गप्प बसणाऱ्या बाईच्या नावावर जमीन चढत नाही. आणि ही मुलगी मला गप्प बसण्याचं औषध सांगते!

शेवटी तिने त्याच्या बायकोकडे, कुशाबाईंकडे बोट करून सावळारामला विचारलं, "या कोण?" सावळारामने मान खाली घातली. तिने कागदावर फुली मारली.

कुशाबाई म्हणाल्या, "बाई, ती फुली खोडा. लग्नानंतर ह्येंनी माजं नाव कवाच घेतलेलं न्हाय. धडधाकट हुते तवाबी न्हाय."

"मग हाक कशी मारायचे?"

"'आगं ए'. न्हायतर नुसतं खोकायचं."

हे मात्र मला सहन झालं नाही. 'बायकोला नाव असतं' हे माझं व्याख्यान या दोन तालुक्यांत ज्या गावात झालं नाही असं गाव सापडणार नाही. सावळाराम पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटायचा आणि घरी जाऊन अंगणातून ओरडायचा, "आगं ए, पाणी आण!" हे सगळं मी तिथेच सविस्तर सांगितलं. सावळारामने मान डोलावली. पटलं असावं.

निघताना श्रेयाबाई म्हणाल्या, काकांना त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले जुने फोटो दाखवा, त्यांच्या हाताला सवय असलेल्या एखाद्या वस्तूवर. नंतर त्या आणि यशोदा बाहेर बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या.

५ जानेवारी

अंथुर्ण्याला जाऊन आलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एसटी त्यांच्या मागे वरातीच्या चालीने.

सावळाराम भिंतीकडे तोंड करून पडून होता. मोबाइलवर फोटो दाखवले, तर डाव्या हाताचं बोट कुठेतरी लागायचं आणि फोटो पळून जायचा. दोनदा असं झाल्यावर त्याने मोबाइल माझ्याकडे सरकवून दिला. त्याच्या उशाला एक जुना, पोटवाला टीव्ही आहे आणि त्याखाली सीडीचं यंत्र. कुस्त्यांच्या सीड्यांचा ढीग. पोराने आतल्या खोलीत नवा पातळ टीव्ही आणलाय, त्याच्याकडे हा ढुंकूनही बघत नाही. पण या यंत्राचा रिमोट डाव्या हातात दिला, की डाव आवडला तिथे थांबवतो, मागे नेतो, परत बघतो. बोटाला सवय आहे.

ठरलं. फोटोंची सीडी करायची.

कुशाबाईंनी ज्वारीच्या कोठीवरची रेक्झिनची पिशवी काढली. त्यात त्यांच्या लग्नानंतर इंदापुरात स्टुडिओत जाऊन काढलेला फोटोही निघाला. दोघं शेजारी शेजारी बसलेत, पोलिसांनी बसवल्यासारखे.

"हितं मला शिंक येत हुती," कुशाबाई म्हणाल्या. "दाबून धरली. म्हणून असं त्वांड झालंय."

"आणि सावळ्याचं तोंड असं का?"

"ह्येंचं तसंच हाय."

सावळाराम भिंतीकडे तोंड करूनच होता. पण कान आमच्याकडे होते, असं यशोदा म्हणते.

८ जानेवारी

मुलीने, संस्कृतीने, परगावी जाताना टाकून दिलेल्या लॅपटॉपवर स्लाइडशो तयार झाला. ती फोनवरून सांगत गेली, मी करत गेलो. फोटो एकामागून एक सरकतात. पण नुसते फोटो म्हणजे मुका मोर्चा. म्हणून प्रत्येकाला मी माझ्या आवाजात निवेदन जोडलं. इंदापूरच्या फोटोला म्हटलं आहे: "सावळाराम, ही तुझी सहचारिणी. कुशाबाई! हिचं नाव कुशाबाई! जिने तुझ्या संसाराचा गाडा ओढला, तिच्या नावाचा उच्चार करण्यात कसली आली लाज?" ऐकताना माझेच डोळे भरून आले.

यशोदाला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, म्हणजे भाजी चिरता चिरता.

"फोटो संपले तरी तुम्ही चालूच आहात," ती म्हणाली.

"तो समारोप आहे."

"आणि हा स्लाइडशो भाऊजींचा आहे का तुमचा?"

"मी त्याच्या आयुष्यात होतो, यशोदा."

"होतात हो. पण दर फोटोत माईक कशाला?"

तिला माझी विषयाची मांडणी समजली नाही. माझं लग्न झाल्या दिवसापासून मी तिला नावाने हाक मारतो, चारचौघांत मारतो. समता घरापासून सुरू होते. ती मात्र अजून 'अहो' म्हणते. किती वेळा समजावलं. म्हणते, "तुमचं नाव घ्यायला मधे थांबता कुठे तुम्ही?"

१० जानेवारी

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नाही! हल्ली येतच नाही म्हणे. माणसाने जुन्या माणसाला काही द्यायचं म्हटलं, तर नव्या यंत्राचं दार बंद. सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करावी लागणार. एसटी स्टँडजवळ प्रतिक्षाचं दुकान आहे, लग्नाच्या शूटिंगची कापाकापी करते. तिच्याकडे अजून सीडीचं यंत्र आहे. स्लाइडशो पेन ड्राइव्हवर घेतला आणि गेलो.

तिने तो उघडला. फोटोंच्या जागी ओळीने काळे चौकोन, प्रत्येकात एक पिवळा त्रिकोण. आवाजही नाही.

"तुझा कॉम्प्युटर बिघडलाय," मी म्हणालो.

"नाही काका. तुम्ही नुसती पत्रिका आणलीत. वऱ्हाड घरीच राहिलं."

"म्हणजे?"

"या फाइलमध्ये फक्त एवढंच लिहिलंय, की अमुक फोटो तमुक ठिकाणी आहे, तिथून घ्या. ते ठिकाण तुमच्या लॅपटॉपमध्ये. इथे कुठून येणार? फोटो आणि आवाज, सगळं एकाच फोल्डरमध्ये घालून आणा."

"पण घरी तर दिसत होतं!"

"घरी दिसणारच की. घरचेच आहेत ते."

मी तिला यंत्रांच्या या पोकळपणावर दोन शब्द सुनावले. आजचं सगळं जीवन असंच झालंय: निर्देश आहेत, ऐवज नाही. अल्बम न्यायला आलेला एक नवरदेव बाकावर बसला होता, त्याने टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षा म्हणाली, "काका, ते फोल्डरचं विसरू नका."

१२ जानेवारी

कळंबला व्याख्यान होतं, त्यामुळे पेन ड्राइव्ह भरून प्रतिक्षाकडे द्यायचं काम यशोदाने अंगावर घेतलं. आपण होऊन घेतलं, याचं मला कौतुक वाटलं. मी तिला चारचारदा बजावलं, फोटो एक वेळ मागेपुढे झाले तर चालतील, पण आवाजाची फाइल राहता कामा नये.

"नाही हो. तीच तर माझ्या लक्षात आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी परत आलो तर ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "तेवढं एक सोडून बाकी सगळं घाल." उद्या भोगी. भोगीच्या भाजीचं चाललं असणार. मला वांगं सोसत नाही, हे तिने लक्षात ठेवलं.

१३ जानेवारी

भाजीत वांगी होती. विचारलं, तर म्हणाली, "अगंबाई, विसरलेच."

१५ जानेवारी

सीडी मिळाली. वर प्रतिक्षाने सुंदर अक्षरांत 'सावळारामकाका' असं लिहिलंय. लावून बघावी म्हटलं, तर पुन्हा तेच, घरी खाच नाही. दुकानात बघावी, तर लग्नसराई तोंडावर, गर्दी.

"एकदम व्यवस्थित झालीय, काका. काकूंनी सांगितलं तस्संच," प्रतिक्षा म्हणाली.

काकूंनी काय सांगायचंय, सगळं माझंच काम. पण मुलगी नम्र आहे, ज्येष्ठ स्त्रीला मान देते. अशा मुली घडायला हव्यात. तिला तसं सांगितलंही. तिने का कोण जाणे, तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

१९ जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं.

आम्ही दोघं दुपारी अंथुर्ण्याला पोचलो. सावळारामला तक्क्याला टेकवून बसवलं, डाव्या हातात रिमोट दिला. कुशाबाई त्याच्या शेजारी खाली बसल्या. मी सीडी लावली. पहिला फोटो आला: हॉस्टेलच्या पायरीवर सावळाराम, खांद्यावर टॉवेल. आवाज नाही.

"वहिनी, आवाज वाढवा."

"पुरा हाय की, भावजी."

मी रिमोट घेतला, बटणं दाबली, यंत्राला थापट मारली. कुस्तीची सीडी लावून बघितली, तर प्रेक्षक कानठळ्या बसतील असे ओरडले. परत आमची लावली. शांत. म्हणजे फोटो आले होते, आवाज नव्हता. वऱ्हाड पोचलं आणि वाजंत्री मागे राहिली! दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवला की हे असं होतं. माझं एवढं निवेदन, तो समारोप!

पण वक्त्याने माईक गेला म्हणून सभा सोडायची नसते. "हरकत नाही," मी म्हणालो, "मी इथेच आहे. तोंडी सांगतो." टीव्हीच्या बाजूला उभा राहिलो आणि सुरुवात केली. "मित्रा, हा फोटो त्या काळातला, जेव्हा..."

तेवढ्यात चित्र गेलं. यशोदा टीव्हीच्या मागे गेली होती.

"अहो, ही वायर सैल आहे बघा," ती म्हणाली. "हलली की चित्र जातंय. जरा धरून उभे राहता का? माझा हात कापतो हल्ली."

मी मागे गेलो, वायर धरली. चित्र आलं.

"आणि आता बोलू नका. बोलताना तुमचे हात हलतात."

हे खरं आहे. माझे हात हलतात, त्याबद्दल वर्तमानपत्रातही आलेलं आहे. मी गप्प उभा राहिलो. मागून पडदा दिसत नव्हता, कुठला फोटो चालू आहे ते कळायला मार्ग नव्हता. दिसत होती फक्त समोरची तीन तोंडं. मी आयुष्यभर माणसांच्या समोरच उभा राहत आलो, पण ती माझ्याकडे बघत असतात. आज ती माझ्या पोटाखाली कुठेतरी बघत होती.

सावळारामचा अंगठा चालत होता. थांबवायचा, पुढे न्यायचा. एकदा तो हसला. एकदा त्याने ओठ हलवले आणि नुसती हवा बाहेर आली. माझ्या जिभेवर दहा शब्द होते, पण कुठला फोटो आहे तेच माहीत नव्हतं. कुशाबाई म्हणाल्या, "काय म्हंता?" यशोदाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

मग एका फोटोपाशी त्याने अंगठा दाबला आणि उचललाच नाही. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, ती गाणी लांब जाऊन विरली, तरी तो तसाच. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, पुरे झालं, त्याला त्रास होतोय, सांगून टाकावं काहीतरी. मी यशोदाकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"वि," सावळाराम म्हणाला. "वि... वि..."

आणि बांध फुटल्यासारखं एकदम, सुरात, खणखणीत:

"विहिरीवर मोट, मोटेला नाडा,
कुशाचं नाव घेतो, आता वाट सोडा!"

लग्नात बहिणींनी दार अडवलं होतं, तेव्हा घेतलेला उखाणा. मी तिथे होतो, दाराबाहेर, वऱ्हाडात. आठवणीतून पार गेला होता. निवेदनात त्याचा एक शब्द नाही.

सगळ्यात आधी सावळारामच दचकला. हे कोण बोललं, अशा नजरेने त्याने इकडेतिकडे पाहिलं.

कुशाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "आवो, मानसं बसल्यात की!" एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आत भांडी वाजली, बराच वेळ वाजली. मग पाणी ओतल्याचा आवाज. तोंड धुऊन, पुसून बाहेर आल्या आणि परत तिथेच, त्याच्या शेजारी बसल्या, पण मघापेक्षा जरा जवळ सरकून.

मी वायर केव्हा सोडली, ते कळलं नाही. चित्र गेलं नाही. तेवढ्यात नीट बसली असावी. पुढे येऊन बघितलं, तर पडद्यावर तो इंदापूरचा फोटो. शिंक दाबलेली नवरी आणि पोलिसांनी बसवलेला नवरा.

मला बोलायचं होतं. मुद्दे तीन होते. एकही आठवेना.

"पुन्हा म्हण ना, सावळ्या," एवढंच म्हणालो. त्याने प्रयत्न केला. मोट नाही आली, विहीर नाही आली. खूप झटून एकच शब्द बाहेर पडला.

"कुशा."

२१ जानेवारी

श्रेयाबाईंना फोन केला. आनंदल्या. म्हणाल्या, पाठ झालेल्या ओळी कधीकधी अशा अख्ख्या येतात, बाकीचे शब्द लगेच येतील असं समजू नका. पण तो आता शोधू लागला आहे, हे महत्त्वाचं. पुढचा शब्द हळूहळू जोडा. "आणि सर, तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल खास आभार."

मी वायर धरली होती, ते तिला सांगितलं नाही.

प्रतिक्षाच्या दुकानात जाऊन आवाजाबद्दल जाब विचारायचं ठरवलं. यशोदा म्हणाली, "राहू द्या हो. लेकरू आहे, चुकलं असेल." मी म्हणालो, आवाजासह नवी सीडी करून घेतो, नाहीतर एवढं निवेदन वाया जाईल. तर म्हणाली, "वाया का? मला ऐकवा रोज एकेक फोटो." इतक्या वर्षांत तिने असं पहिल्यांदाच म्हटलं. मन भरून आलं.

२५ जानेवारी

निवेदन ऐकवायला बसलो. दुसऱ्या फोटोला ती झोपली. दमते बिचारी.

२ फेब्रुवारी

अंथुर्ण्याला एकटाच गेलो. सावळारामने आता भिंतीकडे पाठ केली आहे. दाराकडे तोंड करून बसतो आणि दिवसभर बोलतो. शब्द तो एकच.

चहा हवा असला की "कुशा". रिमोट सापडत नसला की "कुशा". गोठ्यात वासरू सुटलं, तर खिडकीतून "कुशा! कुशा!" कुठला 'कुशा' म्हणजे काय, ते आवाजाच्या चढावरून घरातली सगळी ओळखतात. मी समोर बसलो आणि छातीवर हात ठेवून विचारलं, "मी कोण?" विचारलं आणि थांबलो. बराच थांबलो. माझ्या मानाने फारच.

तो माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत ओळख होती, चेहऱ्याची उजवी बाजू लुळी, डावी हसायला लागली. "कुशा," तो म्हणाला. मग स्वतःच इतका हसला, की ठसका लागला.

ज्या माणसाच्या तोंडून हे नाव निघावं म्हणून मी इतकी व्याख्यानं दिली, तो आता मलाही त्याच नावाने हाक मारतो. या विजयाचं काय करावं, मला कळत नाही.

श्रेयाबाईंनी पुढचा शब्द 'पाणी' घ्यायला सांगितला आहे. फोटो, तांब्या, कसं विचारायचं, किती थांबायचं, सगळं मी कुशाबाईंना समजावलं. त्या ऐकत होत्या. मला सोडायला एसटीच्या फाट्यापर्यंत आल्या.

"भावजी, शेजारनी हसत्यात वो," त्या म्हणाल्या. "म्हंत्यात, म्हातारपणी नवऱ्याला काय चळ लागला. आख्खा दिस बायकूचं नाव घेतोय. मला पानी भरायला जायाची चोरी झालीया."

"म्हणून तर 'पाणी' लवकर शिकवू या, वहिनी. उद्यापासूनच सुरू करा. एक शब्द आला, की दुसरा मागोमाग येतो."

त्यांनी मान डोलावली. एसटी समोर दिसायला लागली. मागे घरातून, उसाच्या फडावरून, हाक आली. या वेळची हाक चहाची नव्हती, वासराचीही नव्हती. नुसतीच होती.

"आले वो!" त्या ओरडल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. दुसरी हाक येईपर्यंत थांबल्या. ती आली. मग माझ्याकडे न बघता, पदर सारखा करत म्हणाल्या,

"भावजी, ते पान्याचं... उद्यापास्नं नगं. चार दिस जाऊ द्या."